पाणी कुठे मुरते : घरातील नळकाम, त्याचे बिघाड आणि प्लंबरची निवड

शहरी घराच्या भिंतींआड आणि फरशीखाली पाण्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था असतात. त्यांपैकी एक पाणी घरात आणते आणि दुसरी वापरलेले पाणी बाहेर नेते. पुरवठ्याचा नळ सदैव भरलेला असतो व त्यातले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे त्याला सुईएवढे भोक पडले तरी रात्रंदिवस पाणी बाहेर येत राहते. सांडपाण्याचा पाइप मात्र बहुतेक वेळ रिकामा असतो, त्यातले पाणी केवळ उतारावरून वाहते आणि त्याला तडा गेला असला तरी वर कोणी आंघोळ करीपर्यंत तो कोरडाच राहतो. घरातील नळकामाचे बहुतेक निदान या एका फरकावर उभे असते. असे असूनही तक्रार सांगणारे घरमालक बहुधा पाणी कुठे दिसते एवढेच सांगतात. ते केव्हा दिसते, हे क्वचितच सांगितले जाते.

पुरवठ्याच्या बाजूने विचार सुरू करताना टाकीचे स्थान ध्यानात घ्यावे लागते. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत नळाला दिवसातून ठरावीक वेळच पाणी येत असल्याने इमारतींना साठवण अटळ झाली आहे. पालिकेचे पाणी प्रथम जमिनीखालच्या टाकीत पडते, तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवले जाते आणि मग उतरत्या नळांतून मजल्यामजल्यावर येते. टाकीतील पाण्याच्या पातळीपासून नळापर्यंत जितकी उंची, तितका त्या नळाला दाब मिळतो. १० मीटर उंचीला हा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम इतका भरतो. सात मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तो दीड-दोन किलोग्रॅम असतो. सर्वांत वरच्या मजल्यावर मात्र टाकीचा तळ शॉवरपासून जेमतेम दोन-तीन मीटर वर असल्याने दाब पाव किलोग्रॅमच्या आसपास राहतो. वरच्या मजल्यावरील रहिवासी हौसेने मोठ्या थाळीचा शॉवर बसवतात आणि त्यातून पाणी ओघळत राहिले की प्लंबरला बोल लावतात. तेथे दोष कामाचा नसून उंचीचा असतो. टाकीखालच्या उतरत्या नळावर छोटा प्रेशर पंप बसवणे हा त्यावरचा रास्त उपाय आहे. पालिकेच्या जलवाहिनीलाच थेट मोटार जोडणे मात्र नियमबाह्य तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे, कारण त्या ओढीने वाहिनीतला दाब उतरतो आणि जमिनीखालच्या एखाद्या सैल सांध्यातून आजूबाजूचे गटाराचे पाणी आत खेचले जाऊ शकते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे ते गढूळ किंवा वास मारणारे येत असेल, तर संशय घराच्या टाकीआधी रस्त्यापासून इमारतीपर्यंतच्या जोडणीवर घ्यावा, हे त्याच कारणाने.

पाणी बारीक येण्याची तक्रार किती नळांना आहे, यावरून पुष्कळ उलगडा होतो. एकाच नळाची धार मंदावली असेल तर त्याच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी, जिला बाजारात फोमर म्हणतात, ती काढून पाहावी. बोअरवेलच्या किंवा टँकरच्या जड पाण्याचा पांढरा क्षार तिच्यात साचतो आणि रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवल्यास तो सुटतो. एका न्हाणीघरातले सारे नळ मंद झाले असतील तर त्या शाखेचा कॉक अर्धवट बंद आहे की जुना लोखंडी नळ आतून गंजून अरुंद झाला आहे, हे पाहावे लागते. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतर घरभर पाणी थांबले किंवा नळ फुरफुरू लागले, तर नळात हवा कोंडलेली असते. आडव्या नळाचा एखादा भाग मध्येच उंचावलेला असला की हवेचा बुडबुडा तेथे अडकतो आणि वरच्या पाण्याचा अल्प दाब त्याला पुढे ढकलू शकत नाही. म्हणून उतरत्या नळाच्या माथ्यावर, टाकीच्या पातळीहून उंच, उघड्या तोंडाचा एक उभा पाइप ठेवतात. त्यातून कोंडलेली हवा निघून जाते. कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन भूमिगत नळमार्गावर जागोजाग जे उच्छ्वास बांधलेले आहेत, त्यांच्या अनेक उपयोगांपैकी हवा मोकळी करणे हाही एक होता. आजच्या इमारतींत हा चार-पाच फुटांचा तुकडा वाचवला जातो, याला काटकसर म्हणणेही कठीण आहे.

नळ कशाचे आहेत, यावर त्यांचे आजार ठरतात. सुमारे १९९० च्या दशकापर्यंत घरोघर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ घातले जात. त्यांचे सांधे आटे पाडून, आट्यांवर सुतळी गुंडाळून आणि सफेदा लावून पाइप पान्याने आवळले जात. मुलामा झिजला की लोखंड आतून गंजते, गंजाचे फुगवटे येऊन अर्ध्या इंची नळाचे पेन्सिलीएवढे छिद्र उरते आणि सकाळी पहिले पाणी तांबूस येते. अशा नळाला एका जागी भोक पडले की नवा तुकडा घालून भागत नाही, कारण जुन्या नळाला पान्याचा पीळ बसताच दोन हातांवरचा दुसरा कुजका आटा तुटतो; जाणता प्लंबर येथे अख्खी शाखा बदलण्याचा सल्ला देतो आणि तो काम वाढवण्यासाठीच देतो असे मानण्याचे कारण नाही.

त्यानंतर प्रचारात आलेला सीपीव्हीसी हा क्लोरीनचे प्रमाण वाढवलेला प्लास्टिकचा नळ गंजत नाही आणि गीझरचे गरम पाणीही सोसतो. साध्या पांढऱ्या यूपीव्हीसी नळाला ते सोसत नाही, म्हणून तो थंड पाण्यापुरताच वापरायचा असतो. सीपीव्हीसीचा सांधा आटे पाडून नव्हे तर सॉल्व्हेंट सिमेंट नावाच्या द्रावणाने जुळतो, जे प्लास्टिकचा पृष्ठभाग क्षणभर विरघळवून दोन भाग एकजीव करते. या सांध्याचे यश अगदी साध्या गोष्टींवर अवलंबून असते. नळ काटकोनात कापलेला असावा, कापल्यावर उरलेली कुसे काढलेली असावीत, दोन्ही भाग कोरडे असावेत, द्रावण डबीत घट्ट झालेले नसावे, नळ आत सारताना पाव वळसा द्यावा आणि मग काही सेकंद तो दाबून धरावा, नाहीतर तो आपोआप मागे सरकतो. त्यानंतर द्रावण वाळेपर्यंत पाणी सोडायचे नसते. ही वेळ डब्यावर छापलेली असते. घरातल्यांनी ‘कधी एकदा पाणी चालू होईल’ म्हणून धोशा लावल्यामुळे घाईत सोडलेले पाणी हे नव्या सांध्याच्या गळतीचे नेहमीचे कारण आहे. दुसरे कारण प्लास्टिक आणि धातू यांच्या संगमाचे. नळाची तोटी जेथे बसते तेथे आत पितळी आटे असलेला एल्बो हवा. पैसे वाचवण्यासाठी निव्वळ प्लास्टिकचे आटे वापरले, तर तोटी जरा जोरात आवळताच एल्बो भिंतीच्या आत चिरतो आणि हे महिनोन्महिने कळत नाही.

थेंब थेंब गळणारी तोटी हा सर्वांत परिचित आणि सर्वांत सोपा बिघाड. जुन्या पद्धतीच्या, चार-पाच वेळा फिरवून बंद होणाऱ्या तोटीत दांड्याच्या टोकाला रबराची चकती असते. बोलीभाषेत तिला वायसर म्हणतात. ती झिजली की माणसे तोटी अधिक जोराने आवळतात, त्याने चकती आणखी फाटते आणि शेवटी तिच्याखालची पितळी बैठकही खरवडली जाते, मग चकती बदलूनही थेंब थांबत नाही. पाव वळशात उघडणाऱ्या नव्या नळांत दोन सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. त्यांत वाळूचा कण अडकला की ओरखडा उठतो आणि तेथे अख्खे काडतूसच बदलावे लागते, जे त्याच कंपनीचे आणि त्याच जातीचे मिळाले तरच बसते. गळतीचे मोल समजण्यासाठी तोटीखाली तासभर लोटी ठेवावी. पाव लिटर पाणी साचले, तर दिवसाला ६ आणि वर्षाला सुमारे २,२०० लिटर वाया जाते. शहरी माणसाची दिवसाची गरज साधारण १३५ लिटर धरतात, म्हणजे एका माणसाचे सोळा दिवसांचे पाणी एका तोटीतून जाते. कमोडच्या फ्लश टाकीतली गळती याहून मोठी असू शकते आणि ती दिसत नाही, ऐकूही येत नाही. टाकीत चिमूटभर नीळ टाकून वीस मिनिटे फ्लश करू नये. कमोडमधले पाणी निळसर झाले तर तळाची रबरी झडप सुटली आहे असे समजावे.

सांडपाण्याच्या बाजूचा आत्मा म्हणजे ट्रॅप, म्हणजेच पाइपला मुद्दाम दिलेला तो बाक ज्यात थोडे पाणी कायम साचून राहते. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ मध्ये अशा बाकाचा संडास पेटंट केला आणि त्यानंतर या मूळ कल्पनेत फारसा बदल झालेला नाही. साचलेल्या पाण्याचा हा बूच, ज्याची खोली सामान्यतः ५० मिलिमीटर असते, गटारातली दुर्गंधी, विषारी वायू आणि झुरळे यांना घरात येऊ देत नाही. न्हाणीघराच्या कोपऱ्यातला नहाणी ट्रॅप, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप आणि कमोडचा स्वतःचा बाक ही सारी त्याचीच रूपे. पाहुण्यांच्या खोलीचे न्हाणीघर महिनाभर वापरले नाही की हे पाणी उडून जाते आणि घरात कुबट वास पसरतो. त्यावर सुगंधी गोळ्यांपेक्षा तांब्याभर पाणी अधिक उपयोगी असते. हा बूच आटण्याची किंमत २००३ मध्ये हाँगकाँगमधल्या ॲमॉय गार्डन्स या गृहसंकुलाने मोजली. तेथे सार्स रोगाची लागण ३०० हून अधिक रहिवाशांना झाली आणि तपासात कोरड्या पडलेल्या मोरीच्या ट्रॅपमधून, न्हाणीघरातल्या हवा ओढणाऱ्या पंख्यांच्या ओढीने, सांडपाण्याचे जंतुमिश्रित तुषार घरांत शिरल्याचा निष्कर्ष पुढे आला.

तुंबण्याची कारणे खोलीनुसार बदलतात. न्हाणीघरात केस आणि साबण, स्वयंपाकघरात तूप-तेलाची पाइपात थिजलेली साय, तर संडासात ओले रुमाल आणि सॅनिटरी पॅड ही नेहमीची कारणे. एकच सिंक तुंबले असेल तर बॉटल ट्रॅपची वाटी हाताने फिरवून काढावी, खाली बादली ठेवावी आणि गाळ धुवावा. याला प्लंबर लागत नाही. बेसिन सोडताच पाणी मोरीतून वर येत असेल तर अडथळा दोघांच्या पुढच्या सामाईक पाइपात असतो, आणि तळमजल्यावरच्या सगळ्याच मोऱ्या उलटत असतील तर बाहेरचा चेंबर तुंबलेला असतो व ते काम गृहनिर्माण संस्थेचे ठरते. अशा वेळी कॉस्टिक सोड्याची पूड, तिने काम झाले नाही म्हणून त्यावर ॲसिड, आणि तरीही नाही म्हणून ब्लीचिंग पावडर ओतण्याची प्रथा घातक आहे. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र येताच क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो. त्यानंतर आलेल्या प्लंबरलाही पाइपात काय ओतले आहे हे आधी सांगणे आवश्यक असते, कारण ट्रॅप उघडताच ते पाणी प्रथम त्याच्या हातावर पडते.

खरा गुंता ओलीचा. छताला पडलेला पिवळसर डाग, फुगलेला रंग आणि भिंतीवर उमललेला पांढरा क्षार ही लक्षणे सर्वत्र सारखीच दिसतात, पण कारणे तीन निराळ्या घराण्यांतली असतात. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये पाणी सर्वांत सोप्या वाटेने सरकते, सळईच्या किंवा विजेच्या नळीच्या आधाराने कित्येक फूट जाते आणि भलत्याच ठिकाणी ठिबकते. म्हणून डागाच्या बरोबर वरची फरशी फोडण्याचा आग्रह हा बहुधा पैशाचा नाश असतो. येथे घड्याळ उपयोगी पडते. डाग दिवसरात्र, वापर असो वा नसो, सारखाच ओला राहत असेल तर दाबाखालच्या पुरवठ्याच्या नळावर संशय घ्यावा. वरचे कुटुंब गावी गेल्यावर तो सुकत असेल आणि परतल्यावर दोन दिवसांत पुन्हा ओलावत असेल तर दोष सांडपाण्याच्या पाइपात, नहाणी ट्रॅपच्या सांध्यात किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगमध्ये असतो. जूनअखेर उगवून दिवाळीपर्यंत वाळणारा डाग पावसाचा असतो आणि त्याचे मूळ गच्ची, बाहेरची भिंत किंवा खिडकीच्या चौकटीत शोधावे लागते.

संशय पक्का करण्याच्या चाचण्या स्वस्त आहेत. घरातले सारे नळ बंद करून मीटरचा काटा पाहावा; तो तरीही सरकत असेल तर मीटरपुढे कुठेतरी गळती आहे. जेथे पाणी सामाईक टाकीतून येते व घरागणिक मीटर नसतो, तेथे वरच्या घराचा मुख्य कॉक रात्रभर बंद ठेवून सकाळी ठिबकण्याचा वेग मंदावला का, हे पाहता येते. सांडपाण्याची शंका असेल तर एकेका जागी, आज बेसिनमध्ये, उद्या मोरीत, असे रंगीत पाणी सोडून खाली कोणता रंग उतरतो याची वाट पाहावी. घाई करून सगळीकडे एकाच वेळी रंग सोडला तर निष्पन्न काहीच होत नाही, आणि पाझर सावकाश असल्याने उत्तर मिळायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. वॉटरप्रूफिंग तपासण्यासाठी नहाणी ट्रॅपला बूच मारून न्हाणीघरात दोन-तीन इंच पाणी किमान २४ तास उभे ठेवतात. नूतनीकरणात हीच चाचणी नवी फरशी बसवण्याआधी करण्याचा आग्रह धरावा, कारण नंतर ती केवळ दुःखद बातमी देते.

ओल ही तांत्रिक बाब असली तरी तिच्यातून भांडण उभे राहते ते खर्चावरून. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, बाहेरच्या सामाईक जलवाहिन्या व सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पावसाच्या पाण्याची गळती यांची दुरुस्ती संस्थेने करायची असते, तर सदनिकेच्या आतल्या संडास, सिंक इत्यादींमुळे होणारी गळती संबंधित सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. म्हणजे कारण ठरल्याशिवाय खर्च कोणाचा हे ठरत नाही. वरच्या मजल्यावरील रहिवासी आणि खालचे रहिवासी यांच्यात जी कटुता येते, तिचे मूळ बहुतेकदा निदानाआधीच दोष ठरवण्यात असते. दोन्ही घरांच्या उपस्थितीत, संस्थेच्या पदाधिकाऱ्यासमोर चाचणी करून तिची तारीखवार नोंद ठेवली तर पुढची पत्रापत्री पुष्कळ आटोपशीर होते.

प्लंबर निवडताना कामाचा प्रकार पाहावा लागतो, कारण ‘प्लंबर’ या एका नावाखाली निरनिराळ्या कौशल्यांची माणसे वावरतात. पालिकेच्या वाहिनीवरून नवी जोडणी घेणे, तिचा आकार बदलणे यांसाठी परवानाधारक प्लंबर लागतो. भिंतीत बसवलेली फ्लश टाकी किंवा डायव्हर्टर, म्हणजे गरम-थंड पाणी एकत्र करून शॉवर अथवा तोटीकडे वळवणारी कळ, बिघडली असेल तर उत्पादक कंपनीच्या सेवा केंद्राचा माणूस बोलवावा, कारण सुटे भाग त्याच्याकडेच असतात. एरवीच्या कामासाठी संस्थेची इमारत वर्षानुवर्षे पाहिलेला प्लंबर अनोळखी पदवीधारकाहून उजवा ठरतो, कारण कोणता पाइप कोणत्या डक्टमधून गेला आहे हे नकाशापेक्षा त्याला अधिक ठाऊक असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत एक वर्षाचा प्लंबर अभ्यासक्रम आहे, परंतु या व्यवसायातले बहुसंख्य कारागीर उस्तादाच्या हाताखाली शिकलेले असतात. ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातील पट्टामुंडाई परिसराने देशभराला इतके प्लंबर पुरवले आहेत की तेथे या विषयाची स्वतंत्र शासकीय प्रशिक्षण संस्था उभी राहिली. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवरही ओडिया मिस्त्री सहज भेटतात.

कसबाची पारख पहिल्या पाच मिनिटांत होते. चांगला प्लंबर हत्यार काढण्याआधी प्रश्न विचारतो, मुख्य कॉक कुठे आहे ते पाहतो आणि वरच्या घरात जाऊन येतो. आल्याबरोबर ‘सगळी फरशी काढावी लागेल’ असे सांगणाऱ्याला निदानाचे कारण विचारावे. दर ठरवताना तो केवळ मजुरीचा आहे की सामानासह, भिंत फोडल्यास ती बुजवून फरशी बसवण्याचे काम कोणाकडे आणि राडारोडा कोण उचलणार, हे आधी बोलून घ्यावे, कारण बहुतेक वाद नळावरून नव्हे तर फोडलेल्या फरशीवरून होतात. सामान घरमालकाने आणायचे ठरल्यास प्लंबरने लिहून दिलेली यादी, मानकाचा क्रमांक आणि कंपनी यांसह, दुकानात न्यावी. सीपीव्हीसी नळांसाठी भारतीय मानक १५७७८ हा आहे आणि तो नळावरच छापलेला असतो. मोठ्या कामाचे पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत व शेवटचा हप्ता दाबाच्या चाचणीनंतर द्यावा. या चाचणीत तोट्यांच्या जागी बूच मारून हातपंपाने नळांत नेहमीपेक्षा जास्त दाब भरतात आणि काही तास काटा स्थिर राहतो का हे पाहतात. लहान कामात मात्र घासाघीस शोभत नाही. वायसर बदलायला दहा मिनिटे लागली म्हणून दहा मिनिटांचीच मजुरी देऊ पाहणारे घरमालक येण्याजाण्याचा वेळ, हत्यारे आणि नेमका दोष ओळखण्याचे कसब हिशेबात धरत नाहीत.

एक काम प्लंबरला किंवा कोणत्याही मजुराला सांगायचे नसते, ते म्हणजे सेप्टिक टाकीत किंवा गटारात उतरणे. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात व उतरणारा माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तसाच जातो. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय अशा सफाईसाठी माणूस लावणे हा गुन्हा ठरवला असून त्याची जबाबदारी काम देणाऱ्यावर येते, मग तो घरमालक असो वा गृहनिर्माण संस्था. त्यासाठी पालिकेची किंवा खासगी उपसा गाडी बोलवावी.

काम संपल्यावर भिंत बुजवण्याआधी उघड्या नळांची छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक छायाचित्रात मोजपट्टी धरून दाराच्या चौकटीपासून व जमिनीपासूनचे अंतर दिसेल असे पाहावे. ही छायाचित्रे, वापरलेल्या तोट्यांची नावे व बिले आणि घरातल्या प्रत्येक कॉकने कोणते नळ बंद होतात याची यादी एकत्र ठेवावी. ड्रिल मशीनने आरशासाठी भोक पाडायला आलेल्या माणसाला ती छायाचित्रे आधी दाखवावीत, कारण नव्या न्हाणीघरातले नळ पुष्कळदा पहिल्यांदा फुटतात ते त्याच्याच हातून.